तबकडीमागची नावं

१९७७ साली न्यूयॉर्कमध्ये ॲन ड्रुयान नावाची एक तरुण लेखिका एका भारतीय गायिकेच्या रेकॉर्डसाठी दुकानामागून दुकान पालथं घालत होती. नासाची दोन व्हॉयेजर यानं त्या वर्षी सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघणार होती आणि प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसवायची होती. या पृथ्वीवर कोण राहतं, काय गातं, हे सांगणारी. संगीताच्या २७ चिजा निवडायचं काम खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या छोट्याशा गटाकडे होतं. रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकांनी भारतीय संगीतासाठी केसरबाई केरकरांची भैरवी सुचवली होती. अडचण एवढीच होती, की ती रेकॉर्ड बाजारात कुठेच मिळेना. शेवटी सापडली ती लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात. पत्ते खेळायच्या टेबलाखाली एक खोकं होतं, त्यात तिच्या तीन प्रती होत्या.

२० ऑगस्टला एक यान उडालं, ५ सप्टेंबरला दुसरं. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या, अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं घोटून शिकलेल्या आणि रेकॉर्डिंगच्या बाबतीत कमालीच्या नाखूश असलेल्या या बाईंचा साडेतीन मिनिटांचा आवाज आज माणसाने बनवलेल्या इतर कुठल्याही वस्तूपेक्षा दूर गेलेला आहे.

जुन्या रेकॉर्डी गोळा करणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट पाठ असते. मला तिच्यातलं टेबलाखालचं खोकं महत्त्वाचं वाटतं. ब्राउनना नाव माहीत होतं, म्हणून शोध सुरू झाला. दुकानदाराने खोकं फेकलं नव्हतं, म्हणून तो संपला. माणसाला नाव ठाऊक असणं आणि वस्तू कुठेतरी शिल्लक असणं, या दोन्ही गोष्टी एका जागी जुळल्या तरच जुना आवाज हाती लागतो. गेल्या काही वर्षांत मुंबई, पुणे आणि गोव्यातल्या दुकानांमध्ये, पथाऱ्यांवर आणि आठवडी बाजारांत मला जे मिळालं, त्यातून हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. म्हणून हा लेख.

मुंबईत सुरुवात अर्थातच चोर बाजारापासून. मटण स्ट्रीटवर आता रेकॉर्डवाले मोजकेच उरले आहेत. दुकान म्हणजे फार तर आठ-दहा फुटांची खोली. दारात पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन मांडलेले असतात. त्यातले बहुतेक हल्ली बनवलेले, हॉटेलं सजवणाऱ्यांसाठी. खरा माल आत, भिंतीला लागून उभा लावलेला. शुक्रवारी दुकानं बंद असतात, तेव्हा रस्त्यावर पथाऱ्या पडतात. त्या पाहायच्या तर पहाटे जावं लागतं. उन्हं वर आली, की चांगलं काही उरत नाही आणि जे उरतं ते उन्हाने वाकायला लागतं.

दुकानदार पूर्वी वजनावर घेत आणि नगावर विकत. आता तेही मोबाइलवर परदेशातले भाव पाहून किंमत सांगतात. राहुल देव बर्मन यांच्या सत्तरच्या दशकातल्या एल.पी., 'शोले'च्या संवादांची पॉलिडोरची तबकडी, उषा खन्ना, आनंद शंकर हे सगळं वेगळ्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, काउंटरच्या मागे. हात लावायच्या आधी विचारावं लागतं. मराठी मात्र जमिनीवर, खोक्यात. "मराठी कोई लेता नहीं, साब, आप देख लो," असं एका म्हाताऱ्या दुकानदाराने मला सांगितलं आणि बसायला स्टूल दिलं. त्या एका वाक्यामुळे माझा निम्मा संग्रह झाला आहे, आणि त्याच वाक्याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं.

रेकॉर्ड पाहायची एक पद्धत असते. आधी कव्हर उघडून वास घ्यायचा. बुरशी डोळ्यांच्या आधी नाकाला कळते. मग तबकडी कडेने धरून उजेडात तिरकी करायची. ओरखडे दिसतातच, पण मधल्या भोकाभोवती लेबलवर उठलेल्या बारीक रेषा त्याहून जास्त सांगतात. अंधारात, घाईत, सवयीने खिळ्यावर तबकडी बसवताना त्या उमटतात. रेषांचं जाळं दाट असेल, तर ती रेकॉर्ड त्या घरात खूप ऐकली गेली. मग लेबलवरचा नंबर, आणि शेवटच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला साच्याचा नंबर. एच.एम.व्ही.च्या जुन्या मोनो एल.पी. बहुधा 'ई.ए.एल.पी.' किंवा 'ई.सी.एल.पी.'ने सुरू होतात. स्टिरिओ आलं तसं 'एल.पी.'च्या जागी 'एस.डी.' आलं. ही अक्षरं डोळ्यांत बसली, की कव्हर फाटलेलं असो वा बदललेलं, आत मोनो आहे की स्टिरिओ आणि साधारण कधीचं आहे, हे चटकन कळतं.

पूर्वी हे सगळं नव्या दुकानांतही शिकायला मिळे. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये ऐकून पाहायच्या खोल्या होत्या. रेकॉर्ड आत घेऊन जायची, ऐकायची, पसंत पडली तर विकत घ्यायची. काउंटरपलीकडचा माणूस चाल गुणगुणली तरी गाणं ओळखत असे. २०१६ साली ते दुकान बंद झालं. चोर बाजारातल्या दुकानदाराकडे ऐकवायला यंत्र असतं, पण सुई बहुधा थकलेली असते. चांगली रेकॉर्ड मी तिथे लावू देत नाही.

त्या जमिनीवरच्या खोक्यातून मिळालेली, आणि मला अजूनही विश्वास बसत नाही इतक्या स्वस्तात मिळालेली एक एल.पी. म्हणजे 'कॉल ऑफ द व्हॅली'. १९६७ सालची ही तबकडी नावाने साऱ्यांना ठाऊक आहे. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस. सकाळच्या अहिरभैरव-नटभैरवापासून निघून पिलू, भूप, देस असं करत रात्रीच्या पहाडीपर्यंत. पाश्चात्त्य जगात भारतीय संगीत पोहोचवणाऱ्या मोजक्या तबकड्यांत तिची गणना होते. आज फोनवर ही रेकॉर्ड लावली तर तीन नावं दिसतात. जुनं कव्हर उलटं केलं, तर चौथं दिसतं. तबला, माणिकराव पोपटकर. त्यांच्या ठेक्याशिवाय या तबकडीचं काय झालं असतं याची कल्पना करून पाहावी. संतूर आणि गिटार ही दोन्ही वाद्यं तेव्हा शास्त्रीय मैफलीत नवखी होती. त्यांना जमिनीवर धरून ठेवणारा तबला इतका समजूतदार आहे, की तो वेगळा लक्षातच येत नाही.

आणि पाचवं नाव, निर्मात्याचं. जी. एन. जोशी. मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक, वकिलीचं शिक्षण घेतलेले आणि नंतर आयुष्याची अनेक वर्षं एच.एम.व्ही.च्या मुंबई शाखेत रेकॉर्डिंगची जबाबदारी सांभाळलेले. कुणाला माइकपुढे बसवायचं, कोणत्या बुवांची समजूत कशी घालायची, तासभर चालणारा राग तीन मिनिटांत कसा मावेल, हे सगळं त्यांनी पाहिलं. 'स्वरगंगेच्या तीरी' या त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात हा काळ जिवंत आहे. मराठी माणसाने भारतीय संगीतासाठी पडद्याआड राहून केलेल्या कामांची यादी कधी झाली, तर जोशींचं नाव वरच्या ओळींत यायला हवं. ते मला पहिल्यांदा कुणी शिकवलं नाही. कव्हरच्या मागच्या बारीक अक्षरांत वाचलं.

पुण्याचा जुना बाजार वेगळा. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी तो भरतो. लोखंड, नळ, बूट, मोडके पंखे यांच्या मधेच कुठेतरी एखाद्या गोणपाटावर काळ्या तबकड्यांची चळत. इथे एल.पी. कमी, आणि ७८ फेऱ्यांच्या जुन्या प्लेटा जास्त. वाडे पडतात, माळे रिकामे होतात, तसा माल येतो. एका रविवारी मला जवळजवळ एका घरचा आख्खा संच मिळाला. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर, सुंदराबाई, 'कुलवधू'मधली ज्योत्स्ना भोळे. प्रत्येक पाकिटावर निळ्या शाईत नंबर घातलेला आणि कोपऱ्यात घेतल्याची तारीख. कुणी तरी पगारातून पैसे बाजूला काढत एकेक प्लेट आणली होती. विकणाऱ्याला घराचं नाव विचारलं. त्याला ते माहीत नव्हतं. त्याने भंगारवाल्याकडून घेतल्या होत्या, भंगारवाल्याने बिल्डरच्या माणसाकडून.

या प्लेटा लाखेच्या. झाडावरच्या किड्यापासून मिळणारी लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांचं मिश्रण तापवून साच्यात दाबलं, की तबकडी तयार. दगडाची पूड मुद्दाम घातलेली असे, कारण पोलादी पिनेने तबकडी झिजवण्याआधी तबकडीने पिन झिजवून खाचेच्या मापाची करायची, अशी ती योजना होती. म्हणून प्रत्येक बाजूला नवी पिन. दहा इंची प्लेटीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावत. हिशेब केला तर सुई त्या तीन मिनिटांत सव्वाशे मीटरच्या आसपास चालते. पुढे आलेल्या एल.पी.च्या एका बाजूवर ती जवळपास अर्धा किलोमीटर चालते. या एका फरकाने आपल्या संगीताचं काय काय झालं, यावर एक स्वतंत्र ग्रंथ होईल.

भारतातलं तबकडीसाठीचं पहिलं ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात झालं. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग त्यासाठी आले होते. गौहर जान गायल्या आणि शेवटी आपलं नाव त्यांनी इंग्रजीत मोठ्याने सांगितलं. मुद्रण जर्मनीतल्या हॅनोव्हरला पाठवून तिथे तबकड्या दाबल्या जात, आणि तिथल्या कारागिरांना कुठली तबकडी कुणाची हे कळावं म्हणून हा रिवाज. नाव लेबलवर छापायच्या आधी आवाजातच कोरलेलं असे. १९०८ मध्ये कोलकात्यात सियालदाहला कारखाना निघाला, पुढे १९२८ मध्ये दमदमला मोठा, आणि बाहेर माल पाठवण्याची गरज संपली. नाव सांगण्याची पद्धतही हळूहळू गेली.

मराठी रंगभूमीच्या रसिकाला १९०२ हे साल टोचत राहतं. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले. ज्या आवाजाने किर्लोस्कर मंडळींचं संगीत नाटक घराघरांत पोहोचवलं, त्याची एकही खूण यंत्रात नाही. भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत होते, म्हणजे यंत्र येऊन वीस वर्षं झाली होती, तरी त्यांचीही प्लेट नाही. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत होते, त्यांचीही बाजारात आली नाही. त्यांच्या गाण्याविषयी आपण जे बोलतो, ते शिष्यांच्या गळ्यातून ऐकलेलं. केसरबाईंच्या तबकडीला जी किंमत आहे, तिच्यात ही एक बाजूही आहे.

उलट अब्दुल करीम खाँसाहेबांचं. मिरजेत राहून त्यांनी आपल्या किराणा घराण्याचं रोप लावलं आणि अखेरच्या काही वर्षांत ओडियन कंपनीसाठी भरभरून रेकॉर्डिंग केलं. त्यांच्या झिंझोटीतल्या ठुमरीची प्लेट गदगमध्ये एका दुकानात वाजत असताना शाळेत जाणारा एक मुलगा ती ऐकत थबकला आणि काही काळाने गुरूच्या शोधात घर सोडून गेला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. ही ठुमरीची प्लेट मला जुन्या बाजारात मिळाली नाही, एका संग्राहकाने ऐकवली. तीन मिनिटांत राग कसा मावतो, असा प्रश्न विचारणाऱ्याने ती ऐकावी. खाँसाहेब घाई करत नाहीत. स्वर लावतात, थांबतात, पुन्हा लावतात. वेळ संपत आल्याची जाणीव ऐकणाऱ्याला होते, गाणाऱ्याला होत नाही. ती सुटसुटीत मांडणी, एकही स्वर वाया न घालवण्याची शिस्त, मैफलीत मिळत नाही. मला तर असं ठाम वाटतं, की ७८ च्या प्लेटांनी आपल्या गायकांकडून एक नवा कलाप्रकारच घडवून घेतला आणि त्याला छोट्या ख्यालाचं संक्षिप्त रूप समजून आपण त्याच्यावर अन्याय केला आहे.

पण ७८ च्या लेबलवर जागा कमी. गायकाचं नाव, नाटकाचं नाव, राग किंवा चालीचा प्रकार, नंबर. साथीदार नाहीत. बालगंधर्वांच्या कंपनीत अहमदजान थिरकवाँ तबल्याला होते, कादरबक्ष सारंगीला होते. माझ्याकडच्या बालगंधर्वांच्या प्लेटीत तबल्याचा एक छोटा तुकडा समेवर असा काही येतो, की दर वेळी मान डोलते. तो हात कुणाचा, हे लेबल सांगत नाही. जाणकार कान लावून अंदाज करतात, वाद घालतात. अंदाज बरोबर असेलही, पण नाव छापलं असतं तर तो हात कुणाचा हे आपल्याला ठामपणे म्हणता आलं असतं.

गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मला एक लहान, सात इंची ई.पी. मिळाली. लॉर्ना आणि क्रिस पेरी, १९७१ ची, 'बेब्दो' हे गाणं असलेली. मडगावचे क्रिस पेरी ट्रम्पेट वाजवत, बँड चालवत, आणि कोंकणी गाण्यात जॅझ अशा सहजतेने आणत, की ते बाहेरून आलं असं वाटतच नाही. त्या काळात मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याचे वादक आणि संयोजक भरलेले होते. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड. हिंदी गाण्यांतली व्हायोलिनं, ब्रासचे ते उसळते तुकडे त्यांनी नोटेशनमध्ये लिहून काढले. चित्रपटांच्या रेकॉर्डच्या कव्हरांवर त्यांची नावं शोधून पाहावीत. सापडत नाहीत. म्हणून लॉर्नाच्या त्या लहान तबकडीवर क्रिस पेरींचं नाव ठळक वाचताना मला बरं वाटलं. एका गोवेकर संगीतकाराने आपलं नाव आपल्या भाषेतल्या गाण्यावर छापून घेतलं होतं.

ई.पी. हा प्रकार आता लोकांच्या विस्मरणात गेला आहे. पण साठ-सत्तरच्या दशकातला महाराष्ट्र ऐकायचा तर तो एल.पी.त कमी आणि ई.पी.त जास्त आहे. एल.पी. महाग, ज्याच्याकडे पैसे त्याच्यासाठी. ई.पी. चार गाण्यांची, खिशाला परवडणारी, लाउडस्पीकरवाल्याच्या पेटीत हमखास असणारी. लग्न, सत्यनारायण, गणपती, जयंती, जत्रा, सगळीकडे ती वाजे. कोळीगीतं, पोवाडे, लावण्या, भीमगीतं, पंढरीची गाणी. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, शाहीर साबळे यांचे आवाज गावोगाव पोहोचले ते या लहान तबकड्यांवरून आणि नंतर कॅसेटवरून. लाउडस्पीकरवाल्यांनी त्या इतक्या वाजवल्या, की आज चांगल्या स्थितीतली प्रत दुर्मीळ. ज्यांच्या घरी रेकॉर्डप्लेअर होते, त्यांच्या संग्रहात या फारशा नव्हत्या. ज्यांनी त्या ऐकल्या, त्यांच्याकडे यंत्रच नव्हतं. त्यामुळे जपणार कोण? संग्राहकांच्या जगातही नाट्यसंगीत आणि ख्याल यांना मान आहे, या तबकड्यांना अजून नाही. हा अग्रक्रम मला मान्य नाही. शंभर वर्षांनी इथल्या माणसांचं जगणं समजून घ्यायला निघालेल्या अभ्यासकाला भीमगीताची झिजलेली ई.पी. कदाचित भैरवीपेक्षा जास्त सांगेल.

मराठी घरांत हमखास आढळणारी एल.पी. म्हणजे 'शिवकल्याण राजा'. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या १९७४ सालची. लता मंगेशकर यांचा आवाज, हृदयनाथांचं संगीत, बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. रामदास, भूषण, गोविंदाग्रज, सावरकर, कुसुमाग्रज, शांता शेळके, इतक्या काळांतले कवी एका तबकडीत. ही रेकॉर्ड दुर्मीळ नाही, तरी मी दिसली की कव्हर उघडून पाहतो, कारण तिच्यावर माणसांनी लिहिलेलं असतं. मुंजीत भेट, सासऱ्यांकडून जावयाला, शाळेत पहिला आल्याबद्दल, निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या मित्रांकडून. मिळालेल्या एका प्रतीवर फक्त 'आईला' एवढंच होतं आणि खाली तारीख. अशी कव्हरं मी बदलत नाही, चिकटपट्टीने सांधतो.

परदेशी संग्राहकांनी आपल्याला आपला माल दाखवून द्यावा, हे आता नेहमीचं झालं आहे. मुंबईचे चरणजित सिंग चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवत. १९८२ मध्ये त्यांनी रोलंड कंपनीची नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेऊन रागांवर डिस्कोचा ठेका बसवलेली एक एल.पी. एच.एम.व्ही.साठी केली. तेव्हा ती कुणी विचारली नाही. २००२ मध्ये एदो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीतल्या एका दुकानात मिळाली. शिकागोत पाचेक वर्षांनी जे नवं नृत्यसंगीत जन्माला येणार होतं, त्याची चाहूल या भारतीय तबकडीत आधीच होती, हे त्याच्या लक्षात आलं. २०१० मध्ये ती नव्याने निघाली आणि सत्तरीतल्या चरणजित सिंगांना युरोपात कार्यक्रमांची बोलावणी आली. ते २०१५ मध्ये गेले. निदान त्यांना हयातीत कळलं. बाउमनने ती उचलली नसती, तर दुकानदाराने आणखी किती वर्षं ठेवली असती?

अलीकडे तरुण मुलं रेकॉर्डी घेऊ लागली आहेत. मुंबई-बंगळुरूत नव्या रेकॉर्डींची दुकानं निघाली आहेत, आणि २०२४ साली मुंबईत तबकड्या दाबायचं काम पुन्हा सुरू झालं, ही मला मोठी गोष्ट वाटते. नव्या प्रतींची किंमत हजारांत असते. त्यांत मराठी काय आहे, असं विचारलं की उत्तर फार लांब नसतं. मागणी नाही म्हणून काढत नाहीत, काढत नाहीत म्हणून मागणी नाही. इथे मराठी ग्राहकानेच पुढाकार घ्यायला हवा. सवाई गंधर्व महोत्सवाला जमणाऱ्या गर्दीतल्या थोड्यांनी जरी ठरवलं, तरी कंपन्यांना विचार करावा लागेल.

जुन्या रेकॉर्डी असतील त्यांनी थोडं सांभाळावं. एल.पी. नेहमी उभ्या ठेवाव्यात, एकावर एक नकोत. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कागदी पाकिटाला ओल धरते आणि बुरशी तिथून तबकडीवर उतरते. पाकिटं बदलावीत, जुनी टाकू मात्र नयेत, त्यांच्यावर जाहिराती आणि यादी असते. एल.पी. धुवायची तर शुद्ध पाणी, सौम्य साबणाचे दोन-चार थेंब, मऊ कापड, खाचेच्या दिशेने. लेबल भिजू द्यायचं नाही. लाखेच्या प्लेटीला मात्र स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं काहीही लावू नये. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि एका पुसण्यात ऐंशी वर्षांचं गाणं निघून जातं. ७८ ची खाच एल.पी.च्या खाचेच्या सुमारे तिप्पट रुंद असते, तेव्हा सुईही वेगळी लागते. एल.पी.च्या सुईने ती ऐकली तर खरखरच जास्त ऐकू येते, आणि लोकांना वाटतं रेकॉर्ड गेली. बहुतेक वेळा रेकॉर्ड गेलेली नसते.

हे काम नेटाने करणारे लोक आपल्याकडे आहेत. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू केली, 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक काढलं, आणि कोणत्या गायकाच्या किती प्लेटा, कोणत्या कंपनीच्या, कोणत्या क्रमांकाच्या, याच्या याद्या बनवल्या. मायकल किनियर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने ग्रामोफोन कंपनीच्या भारतातल्या पहिल्या रेकॉर्डिंगांची सूची तयार केली, ती मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने १९९४ मध्ये छापली. मुंबईत १९३५ मध्ये उभी राहिलेली यंग इंडिया ही देशी कंपनी किती मराठी आवाज मुद्रित करून गेली, हे अशा सूचींमुळेच कळतं. कायद्यानेही थोडी वाट मोकळी ठेवली आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं राहतो. म्हणजे ७८ च्या बहुतेक प्लेटांचं मुद्रण आता सर्वांचं आहे. गीत आणि चाल यांचा हक्क मात्र वेगळा असतो. तो कवी आणि संगीतकार यांच्या निधनानंतर साठ वर्षं चालतो, तेवढं पाहून घ्यावं.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती. या दिवाळीत माळा झाडताना, वाडा किंवा फ्लॅट रिकामा करताना रेकॉर्डींचं खोकं निघालं, तर ते लगेच रद्दीवाल्याला देऊ नका. आधी एक वही घ्या. प्रत्येक तबकडीच्या लेबलवरचा नंबर, कंपनी, गायक, कव्हरवर असतील ती सगळी नावं, अगदी तबलजीचंसुद्धा, आणि घरातल्या कुणी काही लिहिलं असेल तर तेही उतरवून काढा. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला विचारा, ही कुणी आणली, कुठून आणली. मग जवळच्या एखाद्या संग्राहकाला किंवा संगीताच्या संस्थेला कळवा आणि आवाज उतरवून घ्या. त्यानंतर खोकं विकायचं की ठेवायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.